नाशिकची वाईन कुरिअरने घरी का येत नाही? उत्तर मोरारजी देसाईंच्या आयुष्यात सापडतं

शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याच्या गाड्या नाशिकच्या गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागतात. वायनरीत फेरफटका, चार-पाच प्रकारांची चव, मावळतीचा एक फोटो आणि तो लगेच स्टोरीला. निघताना ग्रुपमधलं कुणीतरी हमखास विचारतं, यातल्या सहा बाटल्या थेट घरी कुरिअर करता का?

प्रश्न साधा आहे. येवल्याची पैठणी कुरिअरने येते, नाशिकचा चिवडा येतो, बेदाणे येतात. इथली द्राक्षं तर पेट्या भरून थेट युरोपात जातात. पण त्याच जिल्ह्यातल्या द्राक्षांची वाईन झाली की काउंटरवरचा माणूस मान हलवतो. इथून घ्या आणि गाडीत घालून न्या, पण पाठवता येणार नाही.

याचं कारण शोधायला गेलं की आपण ७५ वर्षांहून जुन्या एका कायद्यापाशी पोहोचतो. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. आणि या कायद्याचा चेहरा कोण होते? दारूच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे, पुढे देशाचे पंतप्रधान झालेले मोरारजी देसाई.

महाराष्ट्रात मोरारजींचं नाव काढलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला गोळीबार आणि दुसरी शिवांबू. दोन्हींकडे येऊच. पण आपल्या रोजच्या जगण्यात त्यांच्या काळाची जी खूण अजून शिल्लक आहे, ती तिसरीच आहे. रस्त्याच्या कडेला दिव्यांनी चमकणाऱ्या ज्या पाटीवर परमिट रूम लिहिलेलं असतं, ती पाटी.

तर सुरुवातीपासून बघू.

मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. गाव भदेली, आजच्या गुजरातमधल्या वलसाड जिल्ह्यातलं. वडील रणछोडजी शाळामास्तर. मोरारजी पंधरा वर्षांचे होते, घरात त्यांच्याच लग्नाची तयारी चालू होती आणि अगदी ऐन तोंडावर वडिलांनी विहिरीत उडी मारून जीव दिला. लग्न तरीही झालं. आठ भावंडांत मोरारजी सगळ्यात थोरले, त्यामुळे घराचा भार अंगावर आला. पुढे त्यांच्यातला जो कोरडा, हट्टी, स्वतःवरही दया न दाखवणारा माणूस सगळ्यांनी पाहिला, त्याची मुळं इथे शोधायचा मोह होतो. पण असं एका घटनेतून माणूस उलगडत नसतो, त्यामुळे तो मोह बाजूला ठेवू.

शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झालं. १९१८ मध्ये ते मुंबई प्रांताच्या सरकारी नोकरीत लागले आणि पुढची बारा वर्षं डेप्युटी कलेक्टर म्हणून काढली. म्हणजे गांधीजींच्या मागे जाण्याआधी हा माणूस इंग्रजांचा पगारी अधिकारी होता. फाइल कशी चालते, परवाना कसा दिला जातो आणि नाकारला जातो, नियमाच्या एका शब्दाने काय काय अडवता येतं, हे सगळं तो आतून शिकला. गोध्र्याच्या दंगलीच्या वेळच्या कामावरून वरिष्ठांशी खटका उडाला आणि १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तेच दांडीयात्रेचं वर्ष. मग सत्याग्रह, तुरुंग, पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग.

दारूबंदी हा त्या काळात काँग्रेसचा जाहीर कार्यक्रम होता हे आज आपण विसरतो. गांधीजींच्या लेखी ताडीच्या आणि दारूच्या दुकानांपुढची निदर्शनं ही विदेशी कापडाच्या होळीइतकीच महत्त्वाची होती आणि त्यांत बायका पुढे होत्या. दारूच्या अबकारी करावर इंग्रज सरकारची तिजोरी भरायची. त्यामुळे दारू सोडणं हे व्यसन सोडणं होतंच, शिवाय सरकारचं उत्पन्न तोडणंही होतं.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. त्यात मोरारजी महसूलमंत्री झाले. दारूबंदीचा पहिला मोठा प्रयोग याच सरकारने १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात केला. तेव्हा पुढाकार होता डॉ. गिल्डर यांचा, जे स्वतः नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ आणि पारशी. पण महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली आणि ती बंदी काही टिकली नाही.

१९४६ मध्ये खेर पुन्हा आले. या वेळी मोरारजींकडे दोन जड खाती होती, गृह आणि महसूल. आणि इथून नाशिकच्या आजच्या वाईनची गोष्ट सुरू होते, कारण या दोन खात्यांच्या काळात असे दोन कायदे झाले जे आजही नाशिकच्या प्रत्येक वायनरीला लागतात.

पहिला कायदा १९४८ चा. त्याचं कागदावरचं नाव मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, गावाकडे सगळे कूळकायदा म्हणतात. कसणाऱ्याच्या हाती जमीन यावी म्हणून केलेला. त्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. मोठ्या पगाराची नोकरी सोडून दिंडोरीला द्राक्षमळा घ्यायचं स्वप्न बघणाऱ्याला आधी सातबाऱ्यावर आपल्या घराण्याचं नाव कुठे आहे का, ते शोधावं लागतं ते यामुळेच.

दुसरा १९४९ चा, दारूबंदीचा. पहिला वेलीखालच्या जमिनीला लागतो आणि दुसरा बाटलीला.

आता एक स्पष्ट सांगायला हवं. हा कायदा मोरारजींनी एकट्याने केला असं नाही. मुख्यमंत्री खेर होते, पक्षाचं धोरण होतं, आणि पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्येही दारूबंदीचा प्रयत्न राज्याने करावा असं आलंच. पण पोलीस गृहमंत्र्यांचे आणि बंदी राबवायची ती पोलिसांनी. शिवाय आपण करतोय ते बरोबरच आहे याबद्दल मोरारजींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळे लोकांनी बंदीचं श्रेय आणि शिव्या दोन्ही त्यांच्याच खात्यात जमा केल्या.

६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी आली. तारीख मुद्दाम निवडल्यासारखी, वीस वर्षांपूर्वी याच दिवशी दांडीला मीठ उचललं होतं.

कायद्याची घडण समजून घेण्यासारखी आहे, कारण कुरिअरचं उत्तर तिच्यातच आहे. साधारण कुठल्याही धंद्याचा कायदा असं धरून चालतो की धंदा करायला मोकळीक आहे, फक्त हे-हे नियम पाळा. हा कायदा उलटा आहे. दारू बनवणं, आणणं, नेणं, विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं, पिणं, सगळ्याला आधी बंदी. मग लायसन्स, परमिट किंवा पास असेल तर तेवढ्यापुरती सूट. म्हणजे सगळी दारं बंद आणि प्रत्येक दाराला एक छोटी खिडकी, जिची चावी सरकारकडे. बारा वर्षं डेप्युटी कलेक्टरी केलेल्या माणसाच्या काळाला शोभेल अशीच ही रचना.

आणि दारू म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी, अल्कोहोल असलेलं प्रत्येक द्रव येतं. वाईन ही दारू आहे की नाही यावर आपल्याकडे दर काही वर्षांनी चॅनेलवर भांडण रंगतं. कायद्यात ते भांडण १९४९ मध्येच मिटलंय.

या कायद्याला पहिला धक्का दिला मुंबईच्या एका पारशी गृहस्थाने. फ्रॅम नसरवानजी बलसारा. त्यांनी कोर्टात मागणी केली की व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर यांच्यासोबत औषधी वाईन आणि ओ दि कोलोनसुद्धा बाळगण्याचा आणि वापरण्याचा मला हक्क आहे. हसू येतं, पण मुद्दा खरा होता. दारूच्या नादात सरकारने औषधं आणि अत्तरंही कचाट्यात घेतली होती. मुंबई उच्च न्यायालयाकडून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ मे १९५१ ला निकाल लागला. औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंवरची बंदी रद्द झाली, आणखी काही तरतुदी गळल्या, पण कायद्याचा कणा शाबूत राहिला. बलसारांना कोलोन मिळालं, वाईन मिळाली नाही. राज्याला दारूबंदी करता येते, यावर शिक्कामोर्तब झालं.

१९५२ ची निवडणूक मजेशीर आहे. मोरारजी स्वतः विधानसभेला पडले, तेही अवघ्या १९ मतांनी. तरी पक्षाने त्यांनाच नेता निवडलं आणि ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले.

बंदी मात्र कागदावरच जास्त यशस्वी झाली. मुंबईच्या खाडीकाठी हातभट्ट्या पेटल्या. घरगुती गुत्ते निघाले, काही बायकांनी स्वयंपाकघरामागच्या खोलीत चार खुर्च्या मांडून संसार चालवला. मुंबईकर त्याला आंटीचा अड्डा म्हणायचे. वरदराजन मुदलियारसारख्या माणसाचं साम्राज्य गावठी दारूच्या पैशावर उभं राहिलं. परदेशी पाहुण्यांना परवाना मिळायचा, तब्येतीच्या कारणाने दारू लागते असं डॉक्टरने लिहून दिलं तरी मिळायचा. ज्याच्याकडे पैसा आणि ओळखीचा डॉक्टर होता त्याची सोय झाली. गिरणी कामगाराच्या वाट्याला आली ती खोपडी.

पण हेही विसरून चालणार नाही की बंदीच्या बाजूने बोलणारे सगळे काही सोवळे पुढारी नव्हते. नवऱ्याचा पगार दारूत जाताना बघणाऱ्या बायकांची ती जुनी मागणी होती आणि आजही आहे. गडचिरोलीतली दारूबंदी लोकांच्या आंदोलनातून आली. वॉर्डातल्या किंवा गावातल्या बायकांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान होतं आणि पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होतं. ही सोयही याच कायद्याच्या छत्राखाली आहे. म्हणून मोरारजींना नुसतं हेकट म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही. हेकट ते होतेच. पण ज्या दुखण्यावर त्यांनी हा जालीम उपाय काढला ते दुखणं खोटं नव्हतं.

हेकटपणाची खरी किंमत महाराष्ट्राने दुसरीकडे मोजली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटली तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी होते. नोव्हेंबर १९५५ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९५६ मध्ये त्यांच्या पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. आंदोलनात शंभराहून जास्त माणसं गेली. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला तो त्यांच्या आठवणीत. मराठी मनातून मोरारजी उतरले ते कायमचे. त्याच वर्षाच्या शेवटी ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात दिल्लीला गेले.

१ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि वारसाहक्काने हा कायदा दोघांकडे आला. गुजरातने तो जसाच्या तसा कवटाळला. महाराष्ट्राने काय केलं? रद्द नाही केला. गांधींच्या देशात दारूबंदी उठवली म्हणून सांगायची हिंमत कुठल्या सरकारकडे असणार? त्याऐवजी वसंतराव नाईकांच्या काळात खिडक्या मोठ्या करायला सुरुवात झाली. परवाने सढळ हाताने मिळू लागले आणि परवानेवाल्यांना बसून पिता येईल अशा खोल्यांना लायसन्स मिळालं. त्याच खोल्या म्हणजे परमिट रूम. आजही कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आजन्म हजार रुपयांना. तुमच्या ओळखीत किती जणांकडे आहे, विचारून बघा. पेपरात रोज कलम ६५ ई खाली गुन्हा अशी जी बातमी येते ती याच कायद्याची.

दिल्लीत मोरारजी अर्थमंत्री झाले, उपपंतप्रधान झाले, विक्रमी दहा वेळा केंद्रीय अर्थसंकल्प मांडला. आणीबाणीत तुरुंगात गेले आणि मार्च १९७७ मध्ये ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले. वय झालं म्हणून मत बदललं? छे. चार वर्षांत देशभर दारूबंदी हे त्यांच्या सरकारचं धोरण झालं. आपण शिवांबू पितो हे त्यांनी अमेरिकन टीव्हीवर सांगितलं आणि जगभर चर्चा झाली. लपवाछपवी हा त्यांचा प्रांतच नव्हता. चार वर्षं काही मिळाली नाहीत, जुलै १९७९ मध्ये सरकार कोसळलं आणि देशव्यापी बंदीही तिथेच राहिली. १० एप्रिल १९९५ ला मुंबईत, वयाच्या शंभरीत पाऊल ठेवल्यावर, ते गेले.

त्यानंतर चारच वर्षांनी नाशिकजवळ सुला वायनरी सुरू झाली आणि २००० मध्ये तिची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाईनला उत्पादन शुल्कात सूट, नाशिकच्या विंचूरला आणि सांगलीच्या पलूसला वाईन पार्क. धोरणाच्या नावात दारू नाही, वाईनही नाही, द्राक्ष प्रक्रिया आहे हे लक्षात घ्या. मोरारजींच्या कायद्याला वळसा घालून जाताना सरकारलाही जिभेला गाठ मारावी लागते.

शेतकऱ्यांनी वाईनच्या जातीची द्राक्षं लावली. ही द्राक्षं बारीक आणि बियांची असतात, खायच्या द्राक्षांसारखी बाजार समितीत खपत नाहीत. वायनरीने घेतली तर घेतली. २००८ च्या मंदीनंतर मागणी पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि नाशिकच्या कित्येक शेतकऱ्यांनी मळे उपटून टाकले. वाईन विकण्याच्या वाटा किती, हा प्रश्न शौकिनांपुरता नाही तो यामुळे.

आता कुरिअर. घटनेच्या सातव्या परिशिष्टाने दारू हा विषय राज्यांना दिलाय आणि जीएसटीतूनही पिण्याची दारू बाहेर आहे. त्यामुळे दिंडोरीची वाईन बेंगळुरूला विकायची तर तिथे वेगळी लेबल नोंदणी, वेगळी फी, वेगळा कर, वाहतुकीचा पास. मोठ्या कंपनीला हे झेपतं. वर्षाला थोड्याच बाटल्या काढणाऱ्या छोट्या वायनरीला नाही, आणि थेट ग्राहकाच्या घरी पाठवायची सोय सगळ्यात जास्त उपयोगाची असते ती तिलाच.

अमेरिकेतही हाच घोळ होता. तिथली देशव्यापी बंदी १९३३ मध्ये उठली आणि दारूचे अधिकार राज्यांकडे गेले. काही राज्यं आपल्या वायनरींना घरपोच विक्री करू द्यायची, परराज्यातल्यांना नाही. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅनहोम खटल्यात सांगितलं की असा दुजाभाव चालणार नाही, परवानगी द्यायची तर दोघांना द्या. त्यानंतर तिकडे वायनरीतून थेट घरी वाईन पाठवणं फोफावलं. आपल्याकडे तो युक्तिवाद टिकणं अवघड, कारण बलसारा खटल्यापासून पाया असा आहे की राज्य मुळातच बंदी घालू शकतं.

खिडकी उघडलीच नाही असं नाही. मे २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये दुकानांपुढे रांगा लागल्या तेव्हा महाराष्ट्र सरकारने घरपोच दारूला परवानगी दिली. कुणाला? परवानाधारकांना. तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की असा परवाना असतो. मग २७ जानेवारी २०२२ ला उद्धव ठाकरे सरकारने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली. कारण दिलं द्राक्ष उत्पादकांचं. भाजपने रान उठवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या. त्याच वर्षी सरकार बदललं आणि निर्णय अंमलात आलाच नाही.

कायद्याच्या नावातली मुंबई मात्र गेली. आता तो इथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे आणि तिकडे गुजरात दारूबंदी कायदा. नाशिकहून पेठच्या रस्त्याने घाट उतरून गेलं की राज्याची हद्द लागते. हद्दीच्या अलीकडे गाडीतली बाटली परवान्याने चालते, पलीकडे त्याच बाटलीसाठी अटक होऊ शकते. पलीकडचा तो जिल्हा वलसाड. मोरारजींचं भदेली तिथेच आहे.